हिरव्या शाईतली चिठ्ठी

“कधीपासून आहे हे?” सबनीस डॉक्टरांनी विचारलं.

“लहानपणापासून,” मी म्हणालो.

“दिवसातून किती वेळा?”

“तीन-चार वेळा. बाजाराच्या दिवशी जास्त.”

“खाणंपिणं व्यवस्थित आहे ना?”

मी हो म्हणालो. डॉक्टरांनी छत्री माझ्या टेबलाला टेकून ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की आता हे जीभ बाहेर काढायला सांगतात की शेपूट वर करायला, हे मला कळेना. कारण सबनीस डॉक्टर हे गुरांचे डॉक्टर होते. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढून ते गडहिंग्लजमध्येच निवृत्त झाले होते आणि रोज चार वाजता फिरायला निघाले की माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायचे. माझं दुकान म्हणजे बाइंडिंगचं. लोकांना वाटतं, बाइंडरला किती पुस्तकं वाचायला मिळत असतील. हलवाई कुठे पेढे खातो? मला पुस्तक दिसायचं ते पाठीकडून.

डॉक्टर ज्या दुखण्याची चौकशी करत होते ते म्हणजे माझा राग. तो गावाला ठाऊक होता. दोन आठवड्यांपूर्वी मी चिकटवायच्या खळीचं भरलेलं भांडं भिंतीवर मारलं होतं. बायकोवर नव्हे, भिंतीवरच, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो, जणू काही मोठाच उपकार केला. महानंदा काही न बोलता पिशवी भरून संकेश्वरला माहेरी गेली. आठ दिवसांनी परत आली ती दारात उभं राहूनच एक अट घालून.

“आता जे काय फेकशीला, ते शेवटचं,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी संकेश्वरची गाडी धरनार, आन् परतीचं तिकीट काढनार न्हाई.”

महानंदा धमक्या देणाऱ्यांपैकी नव्हती. ती तारीख सांगावी तसं बोलायची. म्हणून मी घाबरलो होतो, आणि म्हणूनच डॉक्टरांपुढे गुरासारखा उभा होतो.

डॉक्टरांनी खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड काढलं. निवृत्त होऊनही ते सुटलं नव्हतं. पेनही तेच, हिरव्या शाईचं, मोठे अधिकारी वापरतात तसं. मग ते मला सांगू लागले की जुन्या काळी ग्रीस आणि रोममध्ये स्टोइक म्हणून एक पंथ होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. जनावर लाथ मारणार हे आपल्या हातात नाही, आपण कुठे उभं राहायचं हे आहे. हे नुसतं कळून भागत नाही, रोज थोडं थोडं पोटात जावं लागतं, असं म्हणून त्यांनी लिहायला घेतलं. ती चिठ्ठी अशी होती:

१. गुलामाचं पुस्तक. लहान आहे. रोज एक उतारा, उपाशीपोटी.

२. पुन्हा तेच.

३. पत्रं लिहिणाऱ्या सावकाराचं पुस्तक. आठवड्यातून दोन पत्रं. फार गोड बोलतो, जपून घ्यावं.

४. बादशहाची वही. रोज अर्धं पान. एकदम ढोसू नये, पोट फुगतं.

५. प्राध्यापकांनी लिहिलेलं माहितीचं पुस्तक. झोप येत नसेल तेव्हा.

६.

सहाव्या आकड्यापुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, ते रोग्याची प्रगती पाहून ठरवू.

गुलाम, सावकार, बादशहा, तिघेही त्याच पंथातले. पुस्तकं नगर वाचनालयात होती, जुनी मराठी भाषांतरं, त्यांतली दोन तर मीच बांधलेली. मी गुलामापासून सुरुवात केली. हा माणूस एका पायाने लंगडा, कुणाच्या तरी घरी राबणारा, पुढे सुटका होऊन शिक्षक झालेला. बोलायला अगदी रोखठोक. मला तो आवडला. सहा महिन्यांत मी गुलाम दोनदा वाचला, सावकाराची निम्मी पत्रं वाचली, आणि खरं सांगतो, एकही वस्तू फेकली नाही. गिऱ्हाईक वेडंवाकडं बोललं तर मी तोंड घट्ट मिटायचो. डॉक्टर पायरीवर बसून माझी नाडी बघितल्यासारखी चौकशी करायचे आणि “बरं आहे, चालू ठेव” म्हणायचे. त्यांच्याइतका थंड माणूस मी आजवर पाहिला नव्हता. बसस्टँडवर कुणाचा धक्का लागून त्यांचा चष्मा फुटला, तेव्हा ते त्याच माणसाला तुम्हाला कुठे लागलं तर नाही ना, असं विचारत होते. मला वाटायचं, जन्मात एकदा तरी आपण असं व्हावं.

मे महिन्यात डॉक्टर एक पुस्तक घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने आवळलेलं होतं. म्हणाले, ही बादशहाची वही, माझी स्वतःची प्रत, पाठ सुटलीय, पानं निसटतायत.

“मल्लू, फक्त पाठ बांधायची,” ते म्हणाले. “कडांना हात लावायचा नाही. आणि आत बघायचं नाही. तू वाचनालयाची प्रत वाच.”

मी मान डोलावली. शिलाई करताना आत न बघणं कसं जमणार? पण मी नजर पाठीवरच ठेवली. एवढंच दिसलं की पानांच्या बाहेरच्या कोऱ्या जागेत वरपासून खालपर्यंत हिरव्या शाईत बारीक अक्षरं होती. बरीच वर्षांची असणार, कारण काही ठिकाणी शाई विटून पोपटी झाली होती. मला वाटलं, असणारच. एवढा विचारी माणूस, चांगली चांगली वचनं काढून ठेवली असतील. शिवून झाल्यावर मी पुस्तक शिकंज्यात दाबायला ठेवलं. शिकंज्यात आधीपासून एका हायस्कुलाची वीस पुस्तकं होती. मापही तेच.

शनिवारी त्या हायस्कुलाचे कारकून आले. त्यांनी पुस्तकं हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, आमच्या नव्या कपाटात ही बसत नाहीत, बोटभर कापून द्या. मी त्यांना समजावलं की बोटभर कापलं तर काही पानांवर ओळीच तुटतील, पुस्तक म्हणजे कापडाचं ठाण नव्हे. ते म्हणाले, कपाट आलेलं आहे, ते कापता येत नाही. मी म्हणालो, कपाट मोठं घ्यायचं. ते म्हणाले, तुम्हाला काम करायचं नसेल तर बाजारात दुसरा बाइंडर आहे.

माझ्या कानशिलात रक्त ठोकायला लागलं. पण सहा महिन्यांचं औषध पोटात होतं. मी तोंड मिटलं. “कापतो,” एवढंच म्हणालो आणि स्वतःवर खूश झालो. राग मात्र कुठेही गेला नव्हता. तो तोंडातून निघून हातात उतरला होता. शिकंजा सैल करून मी मिळतील तशी पाच-पाच पुस्तकं उचलली, कापायच्या मशीनखाली सारली, बोटभर माप लावलं आणि चाक असं फिरवलं की कारकून दोन पावलं मागे सरकले.

तिसऱ्या खेपेला पातं खाली गेलं आणि पट्ट्यांचा गठ्ठा पुढे सांडला. त्यांतल्या काही पिवळ्या होत्या, आणि त्या पिवळ्या पट्ट्यांवर हिरवी अक्षरं होती.

कारकून पुस्तकं घेऊन कधी गेले ते मला आठवत नाही. मी खाली कातरणात बसलो होतो. डॉक्टरांचं पुस्तक मांडीवर होतं. प्रत्येक पानाच्या कडेला अर्धे तुटलेले हिरवे शब्द, उरलेले अर्धे जमिनीवर. महानंदा जेवायला बोलवायला आली. आमचं घर दुकानाच्या मागेच. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या खळीच्या भांड्याकडे पाहिलं, आणि ते उचलून मागे नेऊन ठेवलं. मग येऊन विचारलं, काय झालं. मी सांगितलं.

“सांगनार हायसा का त्यास्नी?”

माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. उंदरांनी कुरतडलं म्हणून सांगायचं, म्हणजे उरलेल्या कडा कातरून एकसारख्या कराव्या लागल्या, हेही त्यात बसतं. उंदीर आमच्या बाजारात आहेतच. मी तिला तसं म्हणालो. तिने पदर खोचला, जमिनीवर बसली आणि पिवळ्या पट्ट्या एकीकडे, पांढऱ्या एकीकडे करू लागली. उंदरांचा विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुकान बंद ठेवून आम्ही दोघं बसलो. सव्वाशे पट्ट्या होत्या. माझा बेत असा होता की हातांनी जुळवायचं, डोळ्यांनी वाचायचं नाही. पट्टी पानाला लावून बघायची, रेघ जुळली की पाठीमागून पातळ कागदाची कड चिकटवायची. पण वाचल्याशिवाय काही जुळेना. शब्दाचा पुढचा तुकडा कळल्याशिवाय मागचा शोधायचा कसा? शेवटी महानंदा पट्टी वाचायची आणि मी पान वाचायचो. ती सातवी शिकलेली, अक्षर लावत वाचायची, त्यामुळे प्रत्येक शब्दाला वजन यायचं.

पहिली जुळली ती अशी: “४ जून. कंपाउंडरवर ओरडलो. औषध संपलं यात त्याचा काय दोष.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी म्हणालो, चुकून लिहिलं असेल. दुसरी जुळली: “जावई आले. धड बोललो नाही. मुलीने तोंड फिरवून डोळे पुसले, ते पाहिलं.” तिसरी: “म्हैस दगावली. तिच्या मालकाला म्हणालो, तुझ्या हयगयीने गेली. उशीर माझा होता.” मग महानंदाला हसू आलं असं एक मिळालं: “आज एकदाही चिडलो नाही. सुमती गावाला गेली आहे.” सुमती म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी.

एकही वचन नव्हतं. सगळ्या पुस्तकभर हेच होतं. बावीस वर्षांचं. जो माणूस फुटक्या चष्म्याने दुसऱ्याची विचारपूस करायचा, तो घरी जाऊन हे लिहीत होता. मला आधी फसल्यासारखं वाटलं. मग, का कोण जाणे, हलकं वाटायला लागलं. मी दुपारभर पट्ट्या चिकटवत होतो आणि माझ्या अंगावरून कुणीतरी ओझं उतरवत होतं.

संध्याकाळी शेवटच्या पानांवर आलो. महानंदा वाचता वाचता थांबली.

“तुमचं नाव हाय ह्यात,” ती म्हणाली.

मी पान पुढे केलं. दोन्ही तुकडे जुळवून तिने सावकाश वाचलं. “मल्लूला चिठ्ठी दिली, राग सोड म्हणून. घरी आलो. आमटीत मीठ कमी. ताट ढकललं. सुमती काही बोलली नाही. उद्या माफी.” आणि त्याच्या खाली, दुसऱ्या दिवसाची तारीख घालून: “मागितली नाही.”

महानंदाने सुमतीच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “ती बी काय बोलली न्हाई म्हणं.” एवढंच. मला त्या भिंतीवरचा खळीचा डाग दिसत होता. तो अजून गेला नव्हता. मी तिला म्हणालो, माझ्याकडून चूक झाली, त्या दिवशी भांडं फेकलं ते. सहा महिन्यांत मी तिला हे एकदाही म्हणालो नव्हतो. गप्प राहणं म्हणजेच सुधारणं, असं मी धरून चाललो होतो. तिने पट्टीला खळ लावली आणि म्हणाली, “धरा हिकडून.”

डॉक्टर तीन दिवस मुलीकडे गेले होते, ते मंगळवारी चार वाजता आले. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि पायरीवर बसू दिलं नाही, उभं राहूनच सगळं सांगितलं. कारकून, कपाट, राग, चाक. उंदराचं नाव काढलं नाही. डॉक्टर ऐकत होते. त्यांनी पान उघडलं, जोडाच्या रेषेवरून अंगठा फिरवला. चेहरा तोच, थंड. मला वाटलं, सुटलो.

“वाचलंस?” त्यांनी विचारलं.

“जोडायचं म्हणून वाचावं लागलं.”

“सगळं?”

“आम्ही दोघांनी मिळून.”

डॉक्टरांचे कान लाल झाले. मग गळा, मग कपाळ. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, ते मिटलं, आणि हातातली छत्री जी टेबलावर आडवी मारली ती नेमकी खळीच्या भांड्याला लागली. भांडं उडालं, भिंतीवर आपटलं आणि जुन्या डागाच्या शेजारी नवा डाग करून खाली गडगडत गेलं. डॉक्टर क्षणभर त्या डागाकडे बघत राहिले. मग छत्री आणि पुस्तक, दोन्ही तिथेच टाकून झपाझप निघून गेले.

महानंदा आवाज ऐकून धावत बाहेर आली. तिने भिंत पाहिली, मग मला पाहिलं, आणि ती पिशवी घ्यायला वळली.

“मी न्हाई,” मी म्हणालो. “शपथेवर. डॉक्टरनी.”

तिचा विश्वास बसेना. मी छत्री दाखवली. तिच्या टोकाला खळ लागली होती. महानंदा खुर्चीत बसली आणि तिला हसू फुटलं ते थांबेचना. भिंत पुसता पुसता ती म्हणाली, “आता सुमतीबाई बी माहेरी जात्यात का काय.”

डॉक्टर बुधवारी आले नाहीत. गुरुवारी आले. एका हातात ॲल्युमिनियमचं नवं कोरं भांडं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं, पायरीवर न बसता आत येऊन स्टुलावर बसले आणि महानंदालाही बोलवायला सांगितलं. ती हात पुसत आली. डॉक्टरांनी दोघांची माफी मागितली, साध्या शब्दांत, शाळेतल्या मुलासारखी. मग म्हणाले, आमटीचं राहिलं होतं, तेही आज सकाळी उरकलं.

“सुमती विचारायला लागली, कशाबद्दल माफी? एकेक सांगायला घेतलं, तर चहा निवला. दुसरा करावा लागला. मी केला.”

मग त्यांनी पुस्तक उघडलं. कडेला आता लिहायला जागा नव्हती, पण शेवटी मी नियमाप्रमाणे दोन कोरी पानं घातली होती. त्यांनी पेन काढून तारीख टाकली आणि लिहिलं: मल्लूच्या दुकानात खळीचं भांडं उडवलं. चूक त्याची नव्हती, लाज माझी होती. मग पेन माझ्याकडे दिलं. मी विचारलं, तुमच्या पुस्तकात? ते म्हणाले, आता त्यात लपवण्यासारखं काय उरलंय? लिही.

हिरव्या शाईने मी पहिल्यांदाच लिहीत होतो. ‘डॉक्टरांचं पुस्तक रागात कापलं’ असं लिहून थांबलो. महानंदा खांद्यावरून वाचत होती.

“काय फेकलं न्हाई, ते बी लिवा की,” ती म्हणाली.

“ते लिहायचं नसतं,” डॉक्टर म्हणाले. “इथे फक्त चुका. चांगलं लिहिलं की डोक्यात हवा जाते.”

“मग तुमची वही निम्मीच झाली की,” महानंदा म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, तारीख सांगावी तसंच बोलत होती. “दगावलेली म्हस लिवलीसा. तीस वर्सांत जगल्या त्या कुठं हायत?”

डॉक्टरांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला, तो पुसूनही परत पुसला. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी म्हैस घंटा वाजवत गेली, आणि ते तिच्याकडे वळून बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे चिठ्ठी मागितली. मी ती टेबलाच्या काचेखाली ठेवली होती, काढून दिली. त्यांनी सहाव्या आकड्यापुढे हिरव्या शाईत लिहिलं, फुंकर मारून वाळवलं आणि महानंदाच्या हातात दिलं.

तिने अक्षर लावत वाचलं. “आज काय जमलं ते महानंदाबाईंना विचारावे. रोज.”

ती जरा लाजली. मग डॉक्टरांच्या औषधाची चिठ्ठी हातात आली की बायका विचारतात तसं तिने अगदी गंभीरपणे विचारलं, “जेवणाआधी, का जेवणानंतर?”

सदतीस वर्षं झाली. चिठ्ठी अजून काचेखाली आहे. मी आधी घेतो.